नवरदेव तिकडं, नवरी इकडं, मध्ये रूळ नाहीत

माझ्या लग्नाच्या दिवशी आमच्या स्टेशनाजवळचे रूळ उखडलेले होते, आणि उखडायला होकार दिला होता माझ्याच वडिलांनी.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो; ते नंदुरबारच्या पुढच्या एका लहान स्टेशनवर मास्तर होते. लाइन एकेरी. त्याच रुळांवरून कोळशाच्या मालगाड्या जायच्या, कापसाच्या जायच्या आणि आमच्या पॅसेंजरही. मालगाड्या वजनदार होत चालल्या होत्या, शिवाय एखादी वेगाची गाडी सोडायची म्हणजे जुने हलके रूळ कामाचे नव्हते. म्हणून ते काढून जड रूळ टाकायचं काम निघालं. मालगाडीला बाजूला उभं राहता यावं म्हणून स्टेशनातली दुसरी लाइनही लांबवायची होती. दादांना या कामाचं भारी अप्रूप. जेवताना ताटाभोवती बोटानं रूळ काढून ते आईला समजावून सांगत, "ही मालगाडी इथं थांबली. आणि ही दुसरी बघ, सुसाट गेली!" आई म्हणायची, "आधी भात संपवा."

कामाची माणसं स्टेशनामागच्या माळावर तंबू टाकून राहिली होती. बरेचसे तळोद्याकडचे भिल्ल, काही आसपासच्या गावांतले. त्यांचा मुकादम उंच, दणकट आवाजाचा, खास अहिराणी बोलणारा. पाणी प्यायला आमच्या क्वार्टरवर आला की आईला "मायबाई" म्हणायचा.

माझं लग्न नवापूरच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं. मुहूर्त गोरजाचा. वऱ्हाड सकाळच्या पॅसेंजरनं येणार, आणि ती पुढे गेली की मग रूळ बदलायला लाइन बंद करायची, असा दादांनी सगळा मेळ घातला होता. पण वाटेत कुठंतरी इंजिन बिघडलं आणि गाडीला नंदुरबार गाठायलाच उशीर झाला.

क्वार्टरला लागूनच स्टेशनात दादांची खोली होती; तिथं नंदुरबारचा फोन वाजला. मी हळदीच्या अंगानं मागच्या दारात उभी होते. कामाचे साहेबही तिथंच होते. नवे रूळ लाइनीच्या कडेला मांडून ठेवलेले, माणसं पहारी घेऊन सज्ज. पॅसेंजरची वाट बघितली तर दिवसाचं काम बुडणार. साहेब संकोचून म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरी कार्य आहे. तुम्ही म्हणाल तर आजचं राहू देऊ."

दादांनी खिडकीतून रुळांकडं बघितलं. मग फोनवर म्हणाले, "गाडी नंदुरबारलाच थांबवा. लाइन बंद करतोय."

आईनं हातातली परात खाली ठेवली. "अहो, नवरदेव तिकडं, नवरी इकडं, आणि मधले रूळ तुम्हीच काढायला सांगता?"

"नवे टाकायलाच काढतोय ना!" दादा म्हणाले, पण त्यांचा आवाज काही फारसा ठाम नव्हता.

मला आधी राग आला. मग आईचा चेहरा बघून हसू फुटलं, ते आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. मुकादमानं ते बघितलं असावं. तो दादांना म्हणाला, "मास्तर, तुमनी पोर ती आमनी पोर. दिन बुडाना पहिले गाडी काढी देसूत."

मागच्या ओट्यावरून काम दिसायचं. मला बाहेर जायची मनाई होती, पण बहिणीला पुढं करून मी डोकावत राहिले. जुने रूळ निघाले. खडीवर नुसत्या लाकडी स्लीपरांची ओळ उरली. मग नव्या रुळाला सगळ्यांनी पहारी लावल्या आणि मुकादमानं हाळी दिली, "नवरदेव नंदुरबारले!" सगळे ओरडले, "हैस्सा!" "वाट देखी ऱ्हायना!" "हैस्सा!" रूळ सरकला. माझी बहीण हसून ओट्यावरच बसली. मी लाजून आत पळाले आणि पुढच्या हाळीला पुन्हा बाहेर आले.

ऊन उतरलं, भटजी तिसऱ्यांदा आभाळाकडं बघून आले, आणि लांबून शिट्टी ऐकू आली.

नव्या रुळांखालची खडी अजून पक्की बसली नव्हती. त्यामुळं गाडीपुढं एक माणूस हिरवं निशाण घेऊन चालत होता आणि त्याच्या मागून ते एवढं मोठं इंजिन पाय मोजत यावं तसं येत होतं. ते बघून वऱ्हाडातल्या वाजंत्र्यांना काय सुचलं कोण जाणे, ते खाली उतरले आणि गाडीच्या कडेनं वाजवत चालू लागले. त्यांच्यामागे करवल्या, काका, मामा उतरले. शेवटी नवरदेवही बाशिंग सावरत खडीवरून चालायला लागले. ड्रायव्हरनं ताशाच्या ठेक्यावर शिट्टी धरली. कडेला उभ्या कामगारांनी पहारी टाकून नाचायला सुरुवात केली. मी तोवर नवरदेवांना एकदाच पाहिलं होतं, तेही मान खाली घालून. त्या संध्याकाळी पोटभर बघून घेतलं. ते हसत होते. माझी धाकधूक तिथंच संपली.

दादा गणवेशातच होते. त्यांनी गाडी स्टेशनात घेतली, पुढच्या स्टेशनची परवानगी मागून ती रवाना केली, निशाणं काखेत मारली आणि तसेच धावत येऊन व्याह्यांना भेटले. व्याही म्हणाले, "मास्तर, अशी वरात आमच्या खानदानात कुणाची निघाली नाही." आईनं तेव्हा कुठं सुटकेचा निःश्वास टाकला. मंगलाष्टकं संपली तेव्हा पश्चिमेला अजून तांबूस उजेड होता. पंगतीत मुकादम आणि त्याची माणसं वऱ्हाडाच्या शेजारी बसली. त्याला जिलबी मी वाढली. तो म्हणाला, "खावाले भलतं गोड शे, माय. सुखी ऱ्हाय."

काम सरल्यावर मी माहेरी आले होते. तेव्हा पहिल्यांदाच एक गाडी आमच्या स्टेशनवर न थांबता भरधाव निघून गेली, आणि मालगाडी बाजूला मुकाट उभी राहिली. आईनं ओट्यावर वाळत घातलेले पापड पार रस्त्यापर्यंत उडाले. ती ते गोळा करत दादांना ओरडत होती, आणि दादा फलाटावर टोपी धरून उभे राहून आम्हाला विचारत होते, "बघितलंत? बघितलंत ना?"