माझा विषय, तिचं जाळं

उज्जू गेल्याची बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली. त्या दिवशी कॉलेजात परीक्षा होती, मी पर्यवेक्षक, आणि नियमाप्रमाणे माझा फोन स्टाफरूमच्या कपाटात. पेपर गोळा करून आले, फोन उघडला, तर रेवाचे, माझ्या लेकीचे, कितीतरी मिस्ड कॉल. परत फोन केला तर ती नुसती रडत होती. काठी गावच्या शाळेच्या गच्चीवर अँटेना बसवताना उज्जूला छातीत कळ आली. ती आपल्या पायांनी खाली उतरली, पाणी मागितलं, आणि जीपने दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हे मला रेवानं पुण्याहून सांगितलं. पुण्याहून! तिला धडगावहून कळलं होतं, धडगावला काठीहून. सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांत लोक चुली तशाच टाकून बाहेर आले होते, आणि नंदुरबारात राहणारी सख्खी बहीण मात्र उत्तरपत्रिका मोजत होती. रडू यायच्या आधी मला जे वाटलं ते लिहायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल. मला हेवा वाटला... माझ्या आधी ज्यांना कळलं, त्या सगळ्यांचा.

हा हेवा काही नवा नव्हता. रनाळ्यातल्या आमच्या घरातून कॉम्प्युटर शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी मी. नेटवर्किंगचं ते जाडजूड पुस्तक सुट्टीत घरी आणलं तेव्हा आबांनी ते शेजाऱ्यांना दाखवलं होतं. उज्जू तेव्हा शाळेत. मी ते पुस्तक पाठ करत होते: जाळ्याला केंद्र नसावं, मधला भाग साधा असावा, शहाणपण टोकांना असावं, निरोप तुकडे करून पाठवावा आणि तुकडा हरवणारच असं धरून चालावं. उज्जूनं ते बाहेरच्या ओट्यावर पालथं पडून गोष्टीचं पुस्तक वाचावं तसं वाचलं. इंग्रजी अर्धं कळत नव्हतं तिला, पण मध्येच हसत सुटली. म्हणाली, "ताई, ह्या लोके कशावरच भरोसा ठेवतस नही, आनि तरी निरोप पोचस!" मी पहिल्या वर्गात पास झाले, नेट-सेट झाले, प्राध्यापक झाले. पण त्या विषयाला हसावं, असं मला कधी सुचलं नाही. आणि ज्याला हसता येतं ते आपलं झालेलं असतं, हे मला तेव्हाच आत कुठेतरी टोचलं होतं.

मायचीच गोष्ट सांगते. मी नोकरीला लागल्यावर एकदा मायनं विचारलं, "ते इंटरनेट म्हंजे काय शे व?" मी वर्गात सांगते तसं व्यवस्थित सांगितलं. माय "बरं" म्हणाली आणि धुणं गोळा करायला निघाली. उज्जूनं तिला हाताला धरून बसवलं. "माय, मामानी पोरना लगीनमा आपन सामान कसं धाडं व्हतं?" त्या लग्नात वाहन मिळालं नव्हतं, म्हणून बिबडे-पापड, भांडी, साड्या यांची वेगवेगळी गठोडी करून, प्रत्येकावर मामाचं नाव आणि आकडा घालून, जी गाडी निघेल तिच्यावर टाकली होती. काही एसटीनं गेली, काही दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, एक ट्रॅक्टरमध्ये. मागचं आधी पोचलं, पुढचं नंतर. मामानं आकडे जुळवले, एक गठोडं कमी होतं, तेवढंच पुन्हा मागवलं. "अशंच शे," उज्जू म्हणाली. माय म्हणाली, "म्हंजे मधला मानूसनी गठोडं सोडानं नही, नुसतं पुढे धाडानं. बरोबर ना?" हेच तत्त्व मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले, मोठं इंग्रजी नाव देऊन. मायनं ते स्वतः शोधल्यासारखं सांगितलं, आणि सांगताना बघितलं उज्जूकडे. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. मी धुणं गोळा केलं.

पुण्यातली कंपनीची चांगली नोकरी सोडून उज्जू धडगावला गेली, तेव्हा सगळे मला विचारायचे, "तुमच्या बहिणीचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी वरवर काळजी दाखवायची आणि आतून मला बरं वाटायचं. एका संस्थेनं डोंगरातल्या शाळा आणि उपकेंद्रं जोडायचं काम काढलं होतं. वरच्यांचं म्हणणं, धडगावात एक खोली, तिथे सगळी यंत्रं, सगळ्या गावांच्या तारा तिथे. उज्जूचं म्हणणं, प्रत्येक गाव दोन शेजाऱ्यांना जोडायचं; एक वाट बंद झाली तर निरोप दुसऱ्या टेकडीवरून जाईल. तिनं मला विचारलं, मी म्हटलं सांभाळायला जड जाईल. तिनं ऐकून घेतलं आणि आपलंच केलं. मग एका उन्हाळ्यात वादळ झालं, धडगावचा खांब आडवा झाला. तरी दुपारी मला तिचा फोन. कुठल्याशा वरच्या पाड्यावर होती, आवाज मागच्या डोंगरांना वळसा घालून येत होता. "ताई, मन्हा आवाज ई ऱ्हायना का?" मी म्हटलं, "ई ऱ्हायना." "मग बरं," म्हणाली, आणि माझ्या गुडघेदुखीची चौकशी करू लागली. बाकी एक शब्द नाही. जिंकल्यावर तरी माणसानं थोडं माजावं की नाही! समोरच्याला रागवायला जागा मिळते. तिनं ती जागाही कधी ठेवली नाही.

आणि मग रेवा. माझी मुलगी, माझाच विषय घेऊन इंजिनिअरिंगला गेलेली, सुट्टी लागली की शेअर जीप पकडून घाट चढायची. परत यायची ती मावशीची होऊन. उज्जूकडे पावरी, भिली, मोडकी हिंदी, काहीही बोलणाऱ्या बाया फोन करायच्या. यंत्र बिघडलंय की नवरा, तेही आधी समजायचं नाही. ती सगळं घ्यायची. स्वतः मात्र एक-एक शब्द तोलून, समोरच्याला कळेल असाच बोलायची. पाठवताना काटेकोर, घेताना उदार... हेही आमच्या पुस्तकातलंच वाक्य. एकदा मी रेवाला सरळ विचारलं, "मावशीला सांगतेस ते मला का नाही सांगत?" ती म्हणाली, "आई, मावशीला माझं अर्धं वाक्यसुद्धा पुरतं. तू आधी ते दुरुस्त करतेस." रेवाचं वाक्य बरोबरच होतं.

दिवसकार्याला रनाळ्यात जीपा भरभरून लोक आले. अनोळखी बाया माझा हात धरून मला माझी बहीण सांगत होत्या. "उज्जूबाई आम्हाले बोलायची, मी नसले तरी चालायला पाहिजे," एक म्हणाली. खरंच चालत होतं. ती गेली त्या संध्याकाळीही एकही शाळा, एकही उपकेंद्र तुटलं नाही. मी रजेवर गेले तर आमच्या लॅबला कुलूप लागतं, आणि याचा मला आजवर अभिमान होता.

गेल्या आठवड्यात रेवा आणि मी तिची धडगावची खोली आवरायला गेलो. आवरण्यासारखं फारसं नव्हतंच. किल्ल्या आधीच तिच्याबरोबर काम करणाऱ्या तिघींकडे होत्या. बाहेरच्या खोलीत रविता नावाची पावरा मुलगी काम करत बसली होती. उज्जूनंच तयार केलेली. मी काय शिकवते ते तिला ठाऊक नव्हतं. रेवा आत कपडे बघत होती. "बसा ना मॅडम," रविता म्हणाली, चहा दिला. भिंतीवरच्या नकाशाकडे मी बघत होते म्हणून तिनं विचारलं, "सांगू का, हे कसं चालतं?" मी प्राध्यापक आहे, हे सांगायला तोंड उघडलं होतं... पण म्हटलं, "सांग."

ती उठली. बोलण्याआधी तिनं दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले, उजवा डाव्यावर, मग डावा उजव्यावर, हलकेच. माझ्या हातातला कप तसाच राहिला. भाकऱ्या थापून झाल्या की माय परातीवर अगदी असेच हात झटकायची, आणि मगच महत्त्वाचं बोलायला तोंड वर करायची. उज्जूनं ते उचललं होतं, मी नाही. तिच्या हाताला पीठ नसायचं, तरी झटकायची. माय जाऊन बरीच वर्षं झाली. रवितानं तिला कधी पाहिलं नाही, रनाळंही पाहिलं नसेल. ती नकाशावर बोट ठेवून सांगत होती, कुठली टेकडी कुठल्या टेकडीला बघते, आणि मी फक्त तिचे हात बघत होते.

घरी आल्यावर ओट्याशी उभी राहिले, भाकऱ्या थापल्या, आणि कुणी बघत नाही असं पाहून तसेच हात झटकले.

पीठ उडालं. एवढंच.