कवळीपुरतं चिनी

दवाखान्यावर पाटी डॉक्टरांची होती, पण पेशंटच्या तोंडात जायचं ते मागच्या खोलीतल्या मावशींच्या हातचं. एकतीस वर्षं मावशी कवळ्या बनवत होत्या. खोली हातभर रुंद. लांब टेबल, खिडकीपाशी घासायचं मशीन, मेणाचा वास, आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. प्रत्येकावर पेन्सिलीने खूण: ‘लोहार’, ‘गाणाऱ्या बाई’, ‘फार बोलतात’, ‘फार बोलतात – मोठे भाऊ’.

कवळी तोंडात बसवायचं काम खरं तर डॉक्टरांचं. पण डॉक्टर विचारायचे, “बरं वाटतंय ना?” आणि माणूस म्हणायचा, “बरंय.” आठ दिवसांनी तोच माणूस गाल धरून हजर. शेवटी मावशींनी ते खातं स्वतःकडे ओढून घेतलं.

“बरंय म्हणजे काय?” त्या खुर्चीतल्या माणसाला दटावायच्या. “कुठं टोचतंय, किती टोचतंय, चावताना की सारखंच, ते सांगा. तुम्ही काही मुलगी बघायला आलेले नाही, बरंय म्हणून उठून जायला.”

किंचित, जरा, फार, अजून, अधूनमधून. या पाच-सहा शब्दांवर मावशींचा सगळा धंदा उभा. ‘जरा’ला हात हलका, ‘फार’ला जड. आणि नेमके तेच शब्द चिनी आजोबांकडून मिळेनात.

आजोबा मशिनच्या कारखान्यातल्या इंजिनिअरचे वडील. मुलाकडे राहायला आलेले. उंच, स्वच्छ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, तोंडात एकही दात नाही. मावशींनी त्यांना कवळी करून दिली. मुलाने बापाला चिनीत विचारलं, डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, डॉक्टरांनी मावशींना मराठीत: “छान आहे म्हणतात.” तीन आठवड्यांनी कळलं, कवळी कपाटातल्या कपात पडून आहे. मावशींनी दुसरी केली. पुन्हा ‘छान’, पुन्हा कप.

एक दिवस इंजिनिअरची बायको एकटीच येऊन गेली. सासरे टेबलावर येतच नाहीत म्हणाली. आपल्या खोलीत दार लावून मऊ भात गिळतात. नात दाराशी बसून बोलावते, तर आतून सांगतात, भूक नाही. आता म्हणतात, या वयात दात हवेत कशाला. तेव्हा आता करायची ती तिसरी कवळी शेवटची.

मावशींना त्या रात्री जेवण गेलं नाही. मनात हिशेब एकच: हिरडी चांगली, माप चांगलं, मग टोचतंय कुठं?

भाचीने फोनवर चिनी शिकवणी लावून दिली. शिकवणी होती इंग्रजी येणाऱ्यांसाठी. फोनमधली बाई एक चिनी शब्द म्हणायची आणि लगेच त्याचं इंग्रजी. मावशींचं इंग्रजी पावडरीच्या डब्यावरच्या सूचना वाचण्यापुरतं. म्हणजे शब्द आधी इंग्रजीच्या घरी जायचा, तिथून मराठीत यायचा, आणि उंबऱ्यात येईपर्यंत मावशींच्या डोक्यातून निसटलेला असायचा.

“अगं, ‘दात’ आणि ‘हिरडी’ राहिले डोक्यात,” त्या भाचीला म्हणाल्या. “पण ही चिल्लर राहत नाही. दात बोटाने दाखवता येतो. ‘फार’ कुठं दाखवू?”

“मावशी, मग कुणावर तरी चिकटव ना. नुसता शब्द नको पाठ करूस.”

मावशींनी शब्द घरात वाटून टाकले. ‘थाय’ म्हणजे प्रमाणाबाहेर, तो सासूबाईंना. चहा थाय गरम, भाजी थाय तिखट, सून थाय शहाणी. ‘माशांग’ म्हणजे आत्ता लगेच, तो नवऱ्याला, कारण ‘आलोच’ म्हणून अर्धा तास खुर्चीतून न हलणारा दुसरा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता. ‘ईजिंग’ म्हणजे आधीच, केव्हाच. तो जाऊबाईंना. कुठलंही काम सांगा, त्यांनी ते केव्हाच केलेलं असतं, फक्त दिसत नाही.

“अहो माशांग, गॅस बंद करा!”

“कोण माशांग?” नवरा पेपराआडून.

“तुम्हीच. चिनीत तुम्हाला तेच म्हणतात.”

“आणि मला काय म्हणतात गं सूनबाई?” सासूबाईंनी आतून विचारलं.

“थाय, आई.”

“म्हणजे?”

“म्हणजे भरपूर.”

सासूबाई खूश झाल्या. दोन दिवस शेजारणीला सांगत होत्या, मला चिनीत भरपूर म्हणतात.

एक शब्द तेवढा कुणाला देता येईना. ‘योद्येन’. थोडंसं, किंचित. फोनमधल्या बाईने सांगितलं, हा शब्द बहुतेक न आवडलेल्या गोष्टीला लावतात: किंचित कडू, किंचित दुखतं. मावशींनी घरभर नजर फिरवली. त्यांच्या घरात किंचित असं कुणी काही करतच नव्हतं. मग तो त्यांनी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि मशिनवर चिकटवला. शेजारी ‘थंग’, म्हणजे दुखणं.

तिसऱ्या कवळीच्या दिवशी आजोबा वरचं बटण लावून आले, सोबत मुलगा. मावशींनी कवळी बसवली. मुलगा काही विचारणार एवढ्यात आजोबाच म्हणाले, “हाव, हाव.” म्हणजे छान, छान. मान डोलावली, हसले. पण हसताना डावा डोळा किंचित बारीक झाला. मुलाचं लक्ष नव्हतं. मावशींचं होतं.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “यांच्या मुलाला जरा बाहेर बसवा.”

“अहो मावशी, मग भाषांतर कोण करणार?”

“मुलासमोर बाप कधी दुखतंय म्हणतो का? माझ्या वडिलांचं पायाचं हाड मोडलं होतं. तरी माझी बॅग उचलून मला बसपर्यंत सोडायला आले. विचारलं तर म्हणाले, बूट नवा आहे. न्या त्यांना बाहेर.”

मुलगा गेला. दार लोटलं. आजोबा ताठ बसून राहिले, शाळा सुटल्यावर एकट्यालाच वर्गात ठेवून घेतल्यासारखे.

मावशींनी स्टूल पुढे ओढलं आणि आधी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. “थाय थंग,” म्हणाल्या. मग कोपर दाखवलं. “योद्येन थंग.” मग कंबर धरून उठल्यासारखं केलं आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की फळीवरचे जबडे हलले.

आजोबा बघत राहिले. मग हळूच त्यांनी स्वतःचा गुडघा थोपटला. “थाय थंग.”

“तुमचाही? बघा!” मावशी मराठीतच म्हणाल्या. आजोबांनी खांदा दाखवला. मावशींनी मान. आजोबांनी पाठ. दोघांनी मिळून अंगाचा बराचसा भाग आटोपला, आणि आजोबा पहिल्यांदा मोकळं हसले. तेवढ्यात मावशींनी बोट जबड्याशी नेलं.

“योद्येन थंग?”

आजोबांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

“योद्येन,” ते म्हणाले. मग डावीकडे खालच्या हिरडीवर बोट दाबून, एकदम बांध फुटल्यासारखे, “थाय थंग! थाय थंग!” आणि पुढे चिनीत बरंच काही. मावशींना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. कळायची गरजही नव्हती, बोट जागेवर होतं.

“शाब्बास!” त्या ओरडल्या. “हे सहा महिन्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं?”

पेन्सिलीची खूण, मशीन, पाण्यात बुडवणं, परत तोंडात. “थाय?” “योद्येन.” पुन्हा मशीन. सहा वेळा आत-बाहेर झालं. आजोबा आता तोंड उघडायच्या आधीच बोट लावून दाखवत होते. वर जीभ टेकते तिथे, ओठाच्या आत, उजवीकडे मागे. टाळूवर तर मावशींना काही दिसेना, तरी त्यांनी घासायला लावलं. सातव्या वेळी ते चावून बसले, जबडा डावी-उजवीकडे फिरवला, आणि बोट कुठेच लावलं नाही.

मावशींनी डब्यातलं गाजर काढून पुढे केलं. कच्चं, अंगठ्याएवढं जाड.

कडाक!

बाहेर बाकड्यावरून मुलगा उठलेला ऐकू आला. दार ढकलून तो आत आला तर बाप गाजर खात बसलेला.  आजोबांनी नीट चावून घास गिळला आणि मुलाला ठसक्यात काहीतरी सुनावलं. मुलाचे कान लाल झाले.

“काय म्हणतायत?” डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं. उत्तर ऐकून ते हसू दाबत मावशींकडे वळले. “म्हणतायत, सून करते तो मऊ भात सहा महिने खाल्ला, त्यात मीठच नसतं. आज टेबलावर बसणार आहेत, आणि सगळ्यांसाठी जे शिजेल तेच खाणार आहेत.”

“आणखी काही बोलले. ते काय?”

“उजवीकडे मागे अजून एक जागा टोचते.”

“काढा,” मावशींनी हात पुढे केला. आजोबांनी कवळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, आणि उरलेलं गाजर मुलाला धरायला दिलं.