समुद्राचं वय

अकोल्यात राहून समुद्रावर हक्क सांगणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. पण घरी आलेल्या पाहुण्याच्या हातात पाण्याच्या पेल्याआधी जुनापुराणा शिंपला पडे. मे महिन्यात लोक चिखलदऱ्याला जात. हे आक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, घेऊन कोकणचा किनारा उकरायला जात. परतताना ट्रंकेत साड्या खाली आणि शिंपले वर. एकदा खारपाणपट्ट्यातल्या एका लग्नात विहिरीचं खारट पाणी पिऊन कुणी म्हणालं, "प्रोफेसरसाहेब, इथं समुद्र होता म्हन्तात." साडू भर पंगतीत कडाडले, "शिंपला दाखव, मंग बोल! खारं तं हे वरणही हाये." अंदाजाने बोललेलं त्यांना शिवीसारखं लागे.

एका वर्षी मीही कोकणात गेलो. नारळाच्या बागेमागे, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, शिंपल्यांचा दगडासारखा घट्ट थर होता. साडूंनी त्यावर काठी टेकली. "साडभाऊ, लाटा इथं फुटत होत्या. कवा, थेच काढाचं हाये." खाली दूर सरकलेलं ते अफाट पाणी मी पाहिलं आणि अंगावर काटा आला. एवढा समुद्र मागे हटतो, आणि त्याला जाब विचारायला अकोल्याहून एक माणूस येतो! वाहत आलेले सुटे शिंपले त्यांना चालत नसत. दोन्ही झाकणं जोडून मिटलेलेच हवेत, म्हणजे ते जिथे जगले तिथेच मेले. असे नेमके आक्कांना दिसत. त्या दिवशी पदरात मूठभर जमले, तेव्हा काय हरखल्या होत्या! त्याच वर्षी दिवाळीआधी आक्का गेल्या.

पुढे मुंबईच्या एका प्रयोगशाळेत शिंपल्यांचं वय काढून मिळू लागलं. साडू धावत गेले, तेव्हा कळलं की त्यासाठी शिंपले आम्लात विरघळवावे लागतात. परत काही मिळत नाही. मिटलेले शिंपले तर आक्कांनी वेचले तेवढेच होते. साडू ते तसेच घेऊन घरी आले; कितीतरी दिवस शिंपले ट्रंकेतच राहिले. मग एकदा गेले आणि सगळे देऊन आले.

"एक तरी ठेवायचा," मी म्हणालो.

"तपासणीले वजन कमी भरलं असतं."

उत्तर आलं. समुद्र त्या थरापाशी होता त्याला कित्येक हजार वर्षं झाली होती. मी थक्क झालो, पेढे आणायला निघालो. साडू ओट्यावरून हलले नाहीत.

"वेचता वेचता ती विचारे, कितीक जुने असतीन हो? मी म्हनो, मी अंदाज सांगत नाही." त्यांनी चष्मा काढला. "सांगाले काय झालं होतं मले?"