बोटीत कुणी कुठे बसायचं

तुमच्या बाबांनी आमच्याकडे पहिल्यांदा आठ दिवस काढले, तेव्हा त्यांची परीक्षाच चालली होती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत सगळं होतं. लग्नानंतरची ती पहिलीच फेरी. परदेशात वाढलेला जावई शाहूपुरीतल्या घरात आला म्हणजे लोक निरनिराळ्या निमित्तांनी बघायला येणार, हे ठरलेलंच. पहिल्या दिवशी तांबडा रस्सा ओठाला लागल्याबरोबर ते उठून नळाकडे गेले. दुसऱ्या दिवशी आजोबांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच बंद पाडली. गप्पांत सगळे एकदम बोलू लागले की त्यांना कुणाकडे बघावं ते समजेना.

आजोबांचे थोरले भाऊ, म्हणजे तुमचे थोरले आजोबा, ओट्यावर बसून विचारायचे, "पावणं, तिकडं जेवण-बिवण करतासा का नुसतं फळं खातासा?"

बाबा हसायचे. तुमची आई मात्र रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, परवा आम्ही निघणार. जाण्याआधी ह्यांचं एक तरी काम सगळ्यांनी नीट बघायला हवं. सामानात ती फळी उगाच आणलेली नाही."

फळी म्हणजे वेकबोर्ड. दोन्ही पाय तिच्यात अडकवायचे, हातात दोर धरायचा, पुढे मोटारबोट ओढते आणि मागच्या लाटेवरून माणूस उडी मारतो. आम्हांला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गगनबावड्याच्या वाटेवर एका धरणाच्या पाण्यात आजोबांच्या मित्राची छोटी बोट असायची. मित्र म्हणाले, चला, मी चालवतो.

सकाळी आम्ही निघालो. माझा शिरस्ता तुम्हांला माहीत आहे. नारिंगी जॅकेटं प्रत्येकाच्या मापाची बघून ठेवली, भाकरी वेगळ्या फडक्यात, सुक्या मटणाचं पातेलं झाकण बांधून, दही वेगळं. बोटीत बसताना मात्र मी काही ठरवलं नाही. ते आपोआप ठरलं. घरातलं मोठं माणूस पुढे, म्हणून थोरले आजोबा डावीकडे अगदी पुढे, मटणाचं पातेलं पायाशी घेऊन. आम्ही तिघी बायका, म्हणजे थोरल्या जाऊबाई, मी आणि तुमची आई, पंगतीला बसल्यासारख्या डावीकडेच ओळीने. उजवीकडे चालवणारे मित्र आणि त्यांच्या मागे आजोबा. आम्हांला त्यात वावगं काहीच वाटलं नाही.

बाबा पाण्यात, दोर ताणलेला. बोट निघाली. ते उभे राहिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते लाटेकडे वळले तर लाटच नव्हती. डावीकडे जरा उंचवटा, उजवीकडे नुसता पांढरा फेस. ते फेसात शिरले आणि दिसेनासे झाले. परत उभे राहिले, परत तेच.

"पावणं पोहाय आल्याती व्हय?" थोरल्या आजोबांनी मागे वळून विचारलं. "मग दोर कशाला?"

बाबा पोहत बोटीजवळ आले. काठाला धरून त्यांनी समजावलं. बोट मागून खाली दबली पाहिजे, म्हणजे लाट उंच होते. दोन्ही बाजूंना वजन सारखं पाहिजे, नाहीतर हलक्या बाजूला फेस. लाट उतरणीसारखी गुळगुळीत हवी. हे सगळं त्यांनी इतक्या मन लावून सांगितलं की आठ दिवसांत पहिल्यांदाच ते मराठी बोलताना अडखळले नाहीत. मग ते थोरल्या आजोबांकडे वळून सरळ म्हणाले, "काका, तुमचं वजन किती?"

जाऊबाईंनी पदर सावरला.

"पावणं," थोरले आजोबा म्हणाले, "जावई सासऱ्याचं वजन इचारत न्हाईत. आहेर काय करणार ते इचारत्यात."

"पण तुम्ही मागे बसलात तर—"

"म्या मागं? आन् म्होरं कोण?"

आजोबा पाण्याकडे बघू लागले. मोठ्या भावाला मागे बस म्हणणं त्यांना या जन्मात जमणार नव्हतं, आणि मला तर त्याहून नाही. तुमच्या आईचे डोळे भरून आले होते. दुपारी परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी ते दोघं निघणार होते, आणि फजितीच आमच्याकडे राहणार होती.

मी एवढंच केलं की पातेलं उचललं. "दादा, इथं तुमच्या पायाला अडचण होतेय," असं म्हणून ते मागे इंजिनाजवळ मधोमध ठेवलं आणि परत येऊन बसले. कपाट लावताना जड वस्तू कुठे जावी हे मला नेहमीच चटकन कळतं.

बोट सुरू झाली, मागे पाणी उडालं. थोरल्या आजोबांनी दोनदा वळून पाहिलं. "आरं थांबा की. मटणात पाणी जातंय," ते म्हणाले, आणि बोट थांबवून स्वतः मागे जाऊन पातेल्याला टेकून बसले. बोटीचं नाक एकदम वर आलं.

मी उठून उजवीकडे आजोबांशेजारी गेले; डावीकडे जाऊबाई एकट्याच दोघींच्या तोलाच्या होत्या. "आता गं तिकडं कशाला?" जाऊबाई म्हणाल्या. मी ऊन हवंय म्हणाले. आता लाट उंच झाली, पण माथ्यावर मोडायला लागली. मागे भार जास्त झाला होता; बाबा एक हात हलवून कुणीतरी पुढे बसा अशी खूण करत होते. तुमची आई उठून थोरल्या आजोबांच्या रिकाम्या जागेवर, अगदी पुढे, जाऊन बसली.

आणि लाट लांब झाली. दोन्ही बाजूंना सारखी, काचेसारखी, फेस पार मागे गेला. बाबा बाहेरच्या बाजूला गेले, वळले, लाटेवर चढले आणि फळीसकट हवेत. एका बाजूने उडाले ते दुसऱ्या बाजूला उतरले, गुडघे जरा वाकवून, जणू ओट्यावरून अंगणात उतरावं तसे.

थोरले आजोबा पातेलं सोडून उठून उभे राहिले. बोट डुलली, लाट मोडली, बाबा पडले.

"म्या उठलो म्हणून पडलं काय ते?" त्यांनी मला विचारलं.

"हो, दादा."

ते लगेच खाली बसले. बोट परत निघाल्यावर बराच वेळ लाटेकडे बघत राहिले. मग डावीकडे बोटभर सरकले, पुन्हा पाहिलं, परत मध्ये आले. त्यांना खेळ कळला होता. त्यानंतर त्यांनी कुणालाच हलू दिलं नाही. जाऊबाईंनी दह्याचा डबा घ्यायला हात लांबवला तर म्हणाले, "गप बस. पावण्याची उडी हाय." मटण गार झालं तरी बोट काठाला येईना.

दुसऱ्या दिवशी सामान बांधून झालं होतं, गाडीला अवकाश होता. थोरले आजोबा बाबांना घेऊन पेठेत गेले. उशीर होईल म्हणून मी बोलवायला गेले, तर ओळखीच्या किराणा दुकानापुढच्या बाकावर दुकानदारासकट चारजण बोटीत बसवावेत तसे ओळीने बसवलेले. बाबा हातांनी लाट दाखवत होते.

"उडी ह्यांनी मारली," थोरले आजोबा सांगत होते. "लाट कुणी केलती? इचारा त्यास्नी."

"काकांनी," बाबा म्हणाले.

"ऐकलासा? आता दुकानदार, तुमी जरा म्होरं सरका. फेस येतोय."

दुकानदार मुकाट्याने पुढे सरकले.