एकवीस दिवसांत तो परत येईल

शाळेत शिकवून उरलेल्या वेळात मी मोबाइलवर ध्यानाचे व्हिडिओ करायची. वैनगंगेच्या घाटावर, पांढरी ओढणी घेऊन, हिंदीत. लोक 'दीदी' म्हणू लागले. श्वासावरचे व्हिडिओ मोजकेच लोक बघत. 'तो परत कसा येईल' यावरचे हजारो. मग मी पैसे घेऊन ऑनलाइन वर्गच सुरू केला. एकवीस दिवस त्याला फोन नाही, मेसेज नाही, फक्त मनातून बोलवायचं. पहिल्याच महिन्यात पगाराहून जास्त मिळाले आणि मी फारसा विचार केला नाही.

त्याच सुमारास माझंही एकाशी जुळलं होतं, डेटिंग ॲपवर. तो गोंदियाचा. आम्ही तिकडेच भेटायचो. इथे आमच्या बालाघाटात कुणी पाहिलं असतं तर दीदीचं काय राहिलं असतं?

एका दुपारी जवळच्या लालबर्र्याची एक मुलगी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. माझा वर्ग तिने तीनदा केला होता. तिचा मित्र वर्षभर बोलत नव्हता, आणि त्याच्यासाठी तिने चालून आलेलं चांगलं स्थळ नाकारलं होतं.

"ताई, तो येईल ना?"

उत्तर तोंडपाठ होतं. तरी "मले नाही माहीत," मी म्हणाले.

"मंग माया मनात खोट नाही ना? तुमी म्हणत होत्या, मन साफ नसलं तर तो येत नाही."

मीच म्हणत होते. "खोट माया शिकवण्यात होती," मी म्हणाले. "अन् खरं सांगू? माये सोताचे मेसेज जातेत एका पोराले, दिवसातून दहादा."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की चौकीदाराने वळून पाहिलं. डोळे पुसत म्हणाली, "वर्षभर मी सोतालेच कोसून राह्यली होती."

तो वर्ग मी बंद केला, सगळ्यांचे पैसे परत केले. मग एका व्हिडिओत सगळं सांगून टाकलं, गोंदियाच्या माणसासकट. शिव्या आल्या, बरेच जण सोडून गेले. श्वासाचा वर्ग अजून घेते, फी घेऊनच. कुणाच्या येण्याची हमी मात्र देत नाही.

सगळ्यात धास्ती आईची होती. तिने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, फोन ओट्यावर ठेवला.

"काहून लपवत होती? मले वाटलं, तू संन्यासच घेऊन राह्यली. रविवारी जेवाले बोलाव त्याले."

मी तिथेच फरशीवर बसले.

"तिखट खाते का तो?" आई विचारत होती.