बड्या दिनाचा उपास

नवरा गेल्यावर मी आर्वीच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा प्रार्थना माझ्या तोंडी होती, मनात नव्हती. आळीत ख्रिस्ती घर माझं एकटीचंच. चर्चला जायचं तर मोटारीनं वर्धा गाठावं लागे, आणि तेही मी हळूहळू टाळू लागले. प्रभू आपलं ऐकतो की नाही, हा प्रश्न पडणंसुद्धा बंद झालं होतं.

नाताळला आमच्या भागात बडा दिन म्हणतात. आर्वीतल्या पहिल्या बड्या दिनी घर फारच सुनं वाटलं, म्हणून मी दोघींना बोलावलं. एक शेजारची गोदाबाई, किराणा दुकानदाराची बायको. तिचं बाळंतपण मीच केलं होतं. दुसरी शेवंता, आमच्या दवाखान्यातली आया. मी म्हटलं, संध्याकाळी फराळाला या. माझ्या मनात करंज्या आणि चकल्या होत्या. पण गोदाबाईच्या घरी दिवाळी सोडली तर फराळ म्हणजे उपासाचाच. देवाचा दिवस आणि फराळ, म्हणजे उपास असणारच असं धरून तिनं दिवसभर तोंडात काही घातलं नाही, आणि दिवेलागणीला आपल्या हातची भगर अन् दाण्याची आमटी घेऊन ती हजर झाली. मी तेव्हा करंजी खात होते.

"अवं नर्सबाई, तुमच्या देवाचा एवढा मोठा दिवस, अन् तुमी सकाळपासून खाऊन राह्यल्या?"

मी हातातली करंजी खाली ठेवली. पण पुढे विचार केला, तेव्हा वाटलं की झालं ते बरंच झालं. साधं जेवायला बोलावलं असतं तर गोदाबाईचं नेमकं त्याच दिवशी डोकं दुखलं असतं. ख्रिस्त्याच्या घरचं ती कशी खाणार? स्वतःच्या हातची, स्वतःच्या भांड्यातली भगर मात्र तिला माझ्या घरी बसून चालत होती. शेवंता उंबऱ्याशी बसली. तिच्या ताटलीत गोदाबाईनं शिवाशिव होऊ नये म्हणून वरून भगर टाकली. मला ते दिसत होतं, शेवंताला बोचत होतं, गोदाबाईला मात्र त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

पुढल्या वर्षी तुळशीचं लग्न आटोपताच गोदाबाईची विचारणा सुरू झाली, "तुमचा बड्या दिनाचा उपास कधी हाये?" आता नाही कसं म्हणणार? मीही उपाशी राहू लागले. कोणत्याही पाद्र्यानं न सांगितलेला हा उपास आम्ही तिघी दरवर्षी पाळू लागलो. भुकेनं का होईना, पण त्या दिवशी प्रभूची आठवण व्हायची.

मग एका दसऱ्याला शेवंता नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. दवाखान्यात चादरींच्या घड्या घालता घालता तिनं शांतपणे सांगितलं, "मी उपास सोडला, बाई." एरवी उपास सोडला म्हणजे माणूस जेवायला बसतं, तिनं तो कायमचाच सोडला होता. पुढची चादर उचलत म्हणाली, "अन् वरून टाकलेलं बी आता घेनार नाई." मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. त्याच डिसेंबरात ज्यांनी ती दीक्षा दिली, तो तिच्या समाजाचा मोठा आधार गेला आणि सगळी वस्ती दुःखात बुडाली. अशा घरी सणाचं बोलावणं कोणत्या तोंडानं न्यायचं? आमच्या तिघींचा बडा दिन संपला, असंच मी धरून चालले.

त्यात मला ताप भरला. बड्या दिनी सकाळी उठवतही नव्हतं. तशीच पडल्या पडल्या, कितीतरी वर्षांनी मी मनापासून प्रार्थना केली. प्रभू, ताप राहिला तर राहू दे, पण शेवंताला पाठव. ती येईल तेव्हा गोदाबाई नसू दे, म्हणजे कुणाचाच अपमान व्हायचा नाही.

संध्याकाळी आधी आली ती गोदाबाईच. माझ्या दारच्या पायरीवर तिचा पाय घसरला. तिला लागलं नाही, पण भगरीचं पातेलं अंगणात पालथं झालं. ती तिथेच मटकन बसली. "दिवसभर पान्यावर काढला मी!"

तेवढ्यात फाटकातून शेवंता आली. हातात झाकलेलं पातेलं. सांडलेलं पाहून ती थबकली, मग उंबरा ओलांडून सरळ आत आली आणि माझ्या खाटेजवळ तिनं ते ठेवलं.

"उपास तं मी सोडला. पण तुमी दोघी उपाशी असान, हे कसं विसरू? भगर करून आनली."

मग गोदाबाईकडे वळून म्हणाली, "घ्याची असन तं नीट जवळ बसून घ्या. मी वरून नाई टाकनार."

गोदाबाईचं घर पलीकडेच होतं. उठून गेली असती तर तिला अडवणारं कोण होतं? ती उठली. हात धुतले. आत येऊन शेवंतासमोर बसली आणि ताटली पुढे केली.

"वाढ वं. भुकेनं जीव चालला माहा."

शेवंतानं पळीभर भगर तिच्या ताटलीत वाढली. पळी ताटलीला टेकली. गोदाबाईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी हाये."

याला चमत्कार म्हणा, असा माझा आग्रह नाही. त्या पायरीचा दगड हलतच होता. अर्धी आळी तिच्यावरून घसरली होती. गोदाबाईनं हे घरी कधी सांगितलं नाही, मीही कुठे बोलले नाही. पण प्रभूनं काय करावं आणि कसं करावं, हे सगळं मी त्याला सांगून ठेवलं होतं, आणि त्यानं त्यातलं निम्मंच ऐकलं, याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे. तेव्हापासून मी त्याला फक्त दुःख सांगते. वाट त्याची तो काढतो.

त्या दिवशी जेवणाआधीची प्रार्थना राहूनच गेली. आठवण झाली तेव्हा शेवंता गोदाबाईला दुसऱ्यांदा वाढत होती. मी हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. पाहत राहिले.