जीपलाच जॅमर

माझी आत्या पार्किंग पथकाची प्रमुख. नो पार्किंगमध्ये गाडी दिसली की चाकाला पिवळा जॅमर अडकवायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचं, हे तिचं काम. दिवसभर पायपीट आणि वर लोकांची बोलणी. तरी ऑफिसातली खुर्ची तिला नको असे. "बसून राहिले की माझे गुडघे बोलायला लागतात," असं ती म्हणायची.

पथकाची एक जुनी पद्धत होती. चहाची वेळ झाली की ड्रायव्हर जीप सरळ नो पार्किंगच्या पाटीखाली लावायचा आणि एक जॅमर काढून शेजारी रस्त्यावर ठेवायचा. जॅमर खाली दिसला म्हणजे कारवाई चालू आहे, असा त्याचा अर्थ. मग सगळे निवांत चहा प्यायचे. आत्याही प्यायची. यात काही चुकतंय हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ते डोक्यात घातलं एका गल्लीतल्या चष्मेवाल्यानं. त्याची स्कूटर दर दोन-चार दिवसांनी अडकायची. त्या दिवशी आत्या हातात कप धरूनच त्याच्या चाकाशी वाकली, तसा तो दुकानातून बाहेर आला.

"बाई, तुमचा नंबर काढून देऊ का? चष्मा फुकट."

"कशाला? मला लांबचं स्वच्छ दिसतं."

"तेच म्हणतोय. जवळचं दिसत नाही. ही जीप कोणाची?"

"जॅमर दिसत नाही का? कारवाई चालू आहे," ड्रायव्हर मध्ये पडला.

"कशावर? बिस्किटावर?"

सगळी गल्ली हसली. चष्मेवाल्याला आणखी चेव आला. "चालू द्या तुमचं. पण यापुढे या गल्लीत तुमचं कोण ऐकतंय बघू. त्या जीपला लावा जॅमर, मग माझी स्कूटर या पाटीखाली पुन्हा दिसली तर सांगा!"

आता हसून सोडून दिलं तर या गल्लीत आपल्या शब्दाला काही किंमत राहणार नाही, हे आत्याला कळलं. तिनं कप बॉनेटवर ठेवला, रस्त्यावरचा जॅमर उचलला आणि जीपच्या पुढच्या चाकाला खट्कन अडकवला.

"मॅडम!" ड्रायव्हरचा चहा शर्टावर सांडला. "साहेबांना आणायला जायचंय!"

"मग पावती कर लवकर."

ड्रायव्हरनं पावतीच्या मशीनमध्ये जीपचा नंबर टाकला. मशीन म्हणालं, विभागाचं वाहन, दंड लागू नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. आणि जॅमरच्या किल्ल्या ऑफिसच्या काउंटरवर, पावती पाहिल्याशिवाय मिळत नाहीत. आत्यानं काउंटरवर फोन लावला.

"पावती नंबर?" तिकडून प्रश्न आला.

"अरे, मी बोलतेय."

"आवाज ओळखला मॅडम. पण तुम्हीच सांगितलंय, माझा फोन आला तरी पावतीशिवाय किल्ली द्यायची नाही."

"शहाणा आहेस," आत्या दात आवळून म्हणाली.

मग तिनं मला फोन केला, कारण मी कॉम्प्युटरमधला. "तुझ्या लोकांनी मशीनमध्ये काय घालून ठेवलंय?"

"विभागाच्या गाड्यांना सवलत दिलेली असणार."

"मग काढ ना ती."

"आत्या, मी बँकेचं सॉफ्टवेअर करतो."

"म्हणजे काही कामाचा नाहीस," म्हणून तिनं फोन ठेवला.

वाट बघून कंटाळलेले साहेब स्वतःची गाडी घेऊन आले आणि नेमके त्याच पाटीखाली थांबले. काच खाली करून गरजले, "काय तमाशा आहे हा?"

आत्याच्या हातात दुसरा जॅमर होता. तिनं फक्त पाटीकडे पाहिलं. गल्लीनं पाटीकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. काच वर गेली, गाडी पुढे सरकली आणि थोड्या वेळानं साहेब पे अँड पार्ककडून घाम पुसत चालत आले.

"उद्यापासून तुम्ही किल्लीच्या काउंटरवर बसा," आल्या आल्या ते म्हणाले. "आणि सोडवा ती जीप."

"पावती होत नाही साहेब. आपल्याला दंड माफ आहे."

"मग सोडा!"

"दंड माफ आहे साहेब, पावती माफ नाही."

शेवटी साहेबांनाच वर फोन लावून ती सवलत बंद करून घ्यावी लागली. संध्याकाळी पावती निघाली. "मॅडम, दंड कोणी भरायचा?" ड्रायव्हरनं घाबरत विचारलं.

"पथक माझं, चहा मी प्यायले. मीच भरते."

दुसऱ्या दिवसापासून आत्या काउंटरवर आणि तिचे गुडघे बोलायला लागले. पथकाला नवा प्रमुख मिळाला. त्यानं पहिल्याच दिवशी जीप पाटीखाली लावली आणि जॅमर रस्त्यावर ठेवला. चष्मेवाल्यानं जीपच्या मागेच स्कूटर लावली. त्याच्या मागे बेकरीवाल्याचा टेम्पो, त्याच्यामागे शिंप्याची मोटारसायकल. अडवायला गेलं की सगळे जीपकडे बोट दाखवायचे. आठवडाभरात गल्लीतून सायकल निघणं मुश्कील झालं. दुकानात गिऱ्हाईक येईना, तेव्हा चष्मेवालाच चार दुकानदारांना घेऊन साहेबांकडे गेला.

"आमच्या गाड्या अडकवायच्या तर त्या बाईंनाच पाठवा," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं आम्ही ऐकणार नाही."

आत्या परत गल्लीत आली. आता जीप पे अँड पार्कमध्ये असते आणि जॅमर खांद्यावर घेऊन सगळे चालत येतात. "मग ही जीप दिलीय कशाला आपल्याला?" असं ड्रायव्हर रोज विचारतो.

ती परत आली त्या पहिल्याच दिवशी चष्मेवाला दारात उभा होता. पाटीखाली त्याची स्कूटर नव्हती.

"काय बाई, आता दिसतंय का जवळचं?"

"अगदी स्वच्छ. मागच्या गल्लीत लावलेली तुमची स्कूटरही दिसली. तिथेही पाटी आहे."

चष्मेवाला दुकान उघडं टाकून धावत सुटला. पण जॅमर केव्हाच लागला होता.